पोतोचारीचं स्मारक बघाच, पण एवढ्या घाईच्या सहलीने नको

बोस्नियाची राजधानी सारायेव्होहून स्रेब्रेनित्साची एक दिवसाची सहल आम्ही गेल्या मे महिन्यात केली. पोतोचारी हे स्रेब्रेनित्साजवळचंच गाव. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सोळा वर्षांची मुलगी. नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतोय. मुलगी डच शाळेत शिकली आणि जायचा हट्टही तिचाच होता. जुलै १९९५मध्ये बोस्नियाच्या सर्ब फौजेने स्रेब्रेनित्सा घेतलं आणि तिथले आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. गाव राखायला युनोने ठेवलेले डच सैनिक समोर असताना हे घडलं, ती जागा तिला बघायची होती.

आधी सहलीच्या कंपनीबद्दल. सकाळी सातला व्हॅन हॉटेलपाशी हजर, आठ प्रवासी, गाडी स्वच्छ. रस्ता जवळजवळ तीन तासांचा, सगळा डोंगरातला. आंबेनळी घाट उतरलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच बसा. चालकच वाटाड्या होता. माणूस जाणकार, आवाज हळू. क्राव्हित्सा गावात त्याने रस्त्यालगतचं एक गोदाम दाखवलं. १३ जुलै १९९५ला तिथे शेकडो पुरुषांना कोंडून मारलं होतं. गाडी मात्र थांबवली नाही. जाहिरातीत ‘स्मारकात अर्धा दिवस’ असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात मिळाले एक तास चाळीस मिनिटं. उरलेला वेळ जेवणात आणि बाजारात गेला. शाकाहारी जेवण आधी कळवूनही मांसाचे चेवापीच समोर आले. शेवटी शेजारच्या बेकरीतून चीज भरलेली सिर्नित्सा आणली. ती मात्र गरम आणि फार चांगली होती. जेवणाचं मी सोडून देते. वेळेचं नाही सोडू शकत.

कारण ही जागा घाईत बघण्यासारखी नाही. पोतोचारीत बॅटरीचा एक जुना कारखाना आहे. तोच डच तुकडीचा तळ होता आणि आता तिथेच प्रदर्शन आहे. सैनिकांनी भिंतींवर काढलेलं, लिहिलेलं तसंच ठेवलंय. ‘युनायटेड नथिंग’ ही युनायटेड नेशन्सची, म्हणजे युनोची थट्टा आहेच, शिवाय बोस्नियन मुलींबद्दल एक घाणेरडा मजकूरही आहे. माझी मुलगी तो वाचून बराच वेळ तिथेच उभी राहिली. मृतांच्या कबरींतून मिळालेल्या रोजच्या वस्तू बघताना आमच्यातलं कोणीच बोललं नाही. रस्त्यापलीकडे दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या रांगा टेकडीवर चढत जातात. ६,७०० हून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. एका शिळेवर ८३७२ हा आकडा कोरलाय आणि पुढे टिंबं. मोजणी अजून संपलेली नाही.

प्रदर्शनाचं मला सगळ्यात पटलं ते हे, की ते फक्त रडवत नाही. कोणी कधी काय ठरवलं, ते क्रमाने दाखवतं. १९९१च्या सप्टेंबरमध्ये सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली गेली, बोस्निया तेव्हा त्याचाच भाग होता. बोस्नियाच्या सर्ब फौजेकडे जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा होत्याच, त्यामुळे हात बांधले गेले ते दुसऱ्या, म्हणजे बोस्नियन सरकारच्या बाजूचे. १६ एप्रिल १९९३ला सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं, पुढे आणखी पाच ठिकाणं केली. ती राखायला सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील असा युनोच्या सरचिटणीसांचा अंदाज होता. परिषदेने ‘हलका पर्याय’ निवडला, ७,६०० सैनिकांचा. विमानहल्ल्यासाठी युनो आणि नाटो या दोघांचाही होकार लागायचा. हे सगळं वॉशिंग्टन, लंडन आणि पॅरिसला माहीत होतं. तरी ‘सुरक्षित’ हा शब्द तसाच ठेवला, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं त्या दरीत राहिली.

त्या रात्री हॉटेलवरून आबांना फोन केला. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता साताऱ्याजवळ गावी असतात. युगोस्लाव्हियातल्या युनोच्या फौजेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार त्यांच्याच रेजिमेंटचे, त्यामुळे या देशाचं नाव आमच्या घरी तेव्हापासून माहीत होतं. आबांनी विचारलं, “माणसं किती होती गं?”

“डच सैनिक चारशेच्या आसपास, आबा. हत्यारं हलकी. डिझेलसुद्धा संपत आलं होतं.”

“अन् वरनं मदत?”

म्हटलं, “मागितली होती. ११ जुलैला दुपारी दोन विमानांनी बाँब टाकले, तोवर गाव पडायला आलं होतं.”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरांना दोष देऊ नका. ज्यानं त्यांना तिथं उभं केलं त्याला विचारा.”

मला ते पूर्ण पटलेलं नाही. १३ जुलैला तळाच्या आत आसरा घेतलेल्या लोकांना बाहेर काढलं गेलं, ते त्याच पोरांच्या समोर. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये त्यातल्या ३५० पुरुषांच्या बाबतीत सरकारवर जबाबदारी ठेवली, पण फक्त दहा टक्के. पंतप्रधानांनी जून २०२२मध्ये आधी आपल्या माजी सैनिकांची माफी मागितली, अपुऱ्या साधनांनिशी पाठवलं म्हणून. मृतांच्या कुटुंबांची माफी संरक्षणमंत्र्यांनी पुढच्या महिन्यात मागितली. मी या देशात कर भरते, म्हणून हा क्रम मला फार लागला.

आणि ताकद नव्हती असंही नाही. ३० ऑगस्टला, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांनी, नाटोच्या विमानांनी बोस्नियात मोठी मोहीम सुरू केली आणि वर्ष संपायच्या आत तह झाला. विमानं तीच होती. जुलैत इच्छा नव्हती. याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९९४मध्ये, युक्रेनने अण्वस्त्रं सोडायची ठरवली, ती अमेरिका, ब्रिटन आणि रशियाच्या कागदी हमीवर. आज ती हमी किती उपयोगी पडली ते सगळे बघतोय. परतीच्या रस्त्यावर मुलीने मला हेच विचारलं, की पाळायचा नसेल तर शब्द देतात कशाला. तीन तासांत मला नीट उत्तर देता आलं नाही.

स्मारकाला पाचपैकी पाच. आम्हाला तिकीट लागलं नाही. डोक्यावर घ्यायला ओढणी आणि पाणी सोबत ठेवा. तिथे विणलेलं पांढरं, अकरा पाकळ्यांचं फूल मिळतं, मधे हिरवं. ते घ्या. एक मी आबांना पाठवलंय.

सहलीला दोन, तेही चालकामुळे. कंपनीला मी लिहिलंय की पैसे परत नकोत, बाजार काढून टाका आणि पोतोचारीत पूर्ण चार तास द्या. अजून उत्तर नाही. वर्षभरात ओळख पटलेल्यांना दर ११ जुलैला तिथे माती देतात. मुलीला पुढच्या वर्षी त्या दिवशी जायचंय. तेव्हा आम्ही स्वतः गाडी घेऊन जाऊ आणि आदल्या रात्री गावातच मुक्काम करू.