दम्याचं 'वेव्हर' (म्हणजे मेडिकलमधून सूट) काढून देतो म्हणून 1,20,500 रुपये घेतले, आर्मी भरतीच्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचा

आधी आकडे सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. 'फाइल ओपनिंग'चे 5,000, फुफ्फुसाची टेस्ट आणि रिपोर्ट 18,500, 'वेव्हर बोर्ड फी' 65,000 आणि शेवटी 'एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) व्हेरिफिकेशन' म्हणून 32,000. एकूण 1,20,500. ते 65,000 मी माझी एफडी मोडून दिलेत.

धाकटा भाऊ अग्निवीरची तयारी करत होता. लेखी निघालेली, 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचा म्हणजे 60 पैकी 60 मार्क, बीमवरचे पुलअप्स 10 आरामात. भीती एकच, लहानपणी त्याला दमा होता. पावसाळा लागला की छाती वाजायची, रात्री उठून नेब्युलायझर लावायचो, शाळेच्या दप्तरात पंप असायचा. मोठा होत गेला तसं ते थांबलं, बऱ्याच मुलांचं थांबतं. पण जुन्या फाइलवर 'ब्राँकियल अस्थमा' लिहिलेलं आहे ते आहे, आणि ग्राउंडवर पोरं एकमेकांना घाबरवतच असतात की दमा होता कळलं की बाहेर.

भरतीच्या अकादमीतल्या सरांनीच एका एजंटचा नंबर दिला. रिटायर्ड सुभेदार आहेत, मेडिकलची कामं करतात म्हणाले. माणूस इतका व्यवस्थित बोलायचा की शंका यायला जागाच नव्हती. "ताई, घाबरू नका, वयाच्या 13 वर्षांनंतर अटॅक आला नसेल तर चालतं, फक्त वेव्हर काढावं लागतं." आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला असं कुणी समजू नका, मी गुगल केलं होतं. तिथे हेच लिहिलेलं सापडलं, तेराव्या वाढदिवसाआधीचा दमा चालतो, नंतरचा असेल तर वेव्हर मागता येतं. सगळं खरं आहे ते, फक्त अमेरिकेच्या आर्मीचं आहे. आपल्या भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये दम्यासाठी वेव्हर नावाचा कागदच नाहीये. तिकडचा नियम उचलून इकडच्या पोरांना विकतात हे लोक, आणि माणूस चेक करायला गेला की नेटवर तेच दिसतं, म्हणजे चेक करणारासुद्धा फसतो.

आता ती वेळ सांगते जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. 65,000 भरायला त्याने क्यूआर पाठवला. स्कॅन केला तर वर नाव आलं एका मोबाइल शॉपीचं. आर्मीच्या बोर्डाची फी आणि खातं मोबाइल शॉपीचं! मी थांबले होते, पिन टाकला नव्हता, फोन लावून विचारलं पण. तर म्हणे "ताई, बोर्डाचं चलन ऑनलाइन दिसत नाही, आमचे सीए सगळ्यांचं एकत्र भरतात, आज लिस्ट क्लोज होतेय, तुमच्या भावाचं नाव राहिलं तर मला बोलू नका." भाऊ समोर बसलेला, त्याचा चेहरा बघून मी पिन टाकला. माझ्या जागी कुणीही टाकला असता. पोरगं वर्षानुवर्षं पहाटे उठून पळतंय आणि तुम्ही म्हणणार की थांब, शॉपीचं नाव का आलं?

लक्षात ठेवा, अग्निवीरच्या फॉर्मला आपण परीक्षेची फी भरली ती 250 रुपये, तीही आर्मीच्या अधिकृत साइटवर. रॅलीतल्या मेडिकलला एक रुपया लागत नाही. कुणाच्याही पर्सनल यूपीआयवर 'सरकारी फी' मागितली की तिथेच फोन ठेवा.

मग वेव्हरच्या पत्राचं पीडीएफ आलं. राजमुद्रा, गोल शिक्का, खाली सही, ईमेल मात्र जीमेलचा. सरकारी ईमेलच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नाहीतर एनआयसी डॉट इन असतं, हे आता मला झोपेतही येतं.

सगळ्यात वाईट पुढे आहे. रॅलीत मेडिकलला भावाने ते पत्र स्वतःहून काढून दिलं, कारण त्याला तसंच सांगितलेलं. डॉक्टरांनी वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "ये कहाँ से लाया?" त्या पत्रातच लिहिलेलं होतं की उमेदवाराला लहानपणी वारंवार दम्याचे अटॅक येत होते. म्हणजे आम्ही पैसे मोजून त्याच्या विरोधातला पुरावा विकत घेतला होता. अनफिट. नंतर एमएचला रिव्ह्यूला, म्हणजे फेरतपासणीला गेला, तिथेही अनफिट.

शिवाय त्या माणसाने मेडिकलच्या आधी गोळ्या घ्यायला सांगितलेल्या, 'छाती मोकळी राहते' म्हणून. नाव न लिहिलेली पुडी. मी त्या फेकून दिल्या. कुणीही घेऊ नका असल्या गोळ्या, आणि खोटं डिक्लेरेशनही देऊ नका, नंतर उघडकीला आलं तर लागलेली नोकरीसुद्धा जाते.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर "हे ऑनलाइन आहे, सायबरला जा." सायबरला गेलो तर "ओळखीच्या माणसाला स्वतःहून दिलेत ना, मग लोकल स्टेशनला जा." परत स्टेशनला आलो तर साहेब जेवायला गेलेले, मग बंदोबस्ताला गेलेले. शेवटी भेटले आणि काय म्हणाले तर "मॅडम, लाच देणाऱ्यावर पण गुन्हा होतो, माहितीय ना?" अहो कसली लाच? मला फी म्हणून सांगितलं, फी म्हणून पावती दिली, ती पावती मी टेबलावर ठेवली, त्यांनी हातात पण घेतली नाही. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून कागद हातात दिला. फसवणूक आहे ही सरळ सरळ, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 318, आणि आम्हालाच आरोपीसारखं उभं केलं. बँकेचं एकच, पिन तुम्ही टाकला. भरती ऑफिसच्या गेटवर 'दलालांपासून सावध' असा बोर्ड आहे, तिथल्या माणसाने त्या बोर्डाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. बोर्ड लावला की जबाबदारी संपली का? दलाल तर गेटसमोरच्या टपरीवर बसून नंबर वाटतात, सगळ्यांना दिसतात. अकादमीवाले सर म्हणतात मी फक्त नंबर दिला. मला खात्रीने वाटतं की कमिशन खाल्लंय.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, आमचे आधीच सरकलेले. चॅट डिलीट करू नका, त्याने ब्लॉक केलं तरी नाही. यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर वेगळे लिहून ठेवा. आणि ज्यांच्या पोराला खरंच लहानपणी दमा होता त्यांनी एजंटकडे न जाता छातीच्या डॉक्टरकडे जाऊन स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसाची टेस्ट) करून घ्या, कितीतरी स्वस्त पडते, निदान फुफ्फुसं आज कशी आहेत ते तरी कळतं. फिट की अनफिट ते आर्मीचे डॉक्टरच ठरवतात, मधल्या कुणाच्या हातात काही नसतं.

स्टेशनने गुन्हा नोंदवला नाही तर एसपींना पोस्टाने लेखी अर्ज करता येतो, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये तसं आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलाय, चारही पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि मोबाइल शॉपीचं नाव लावून. तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाणार, वकिलांशी बोलून ठेवलंय.