फूटबोर्डवरची कुत्र्याची बॅग: उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

स्कूटरवर छोटं कुत्रं न्यायला तीनच जागा आहेत: मागची सीट, छाती आणि फूटबोर्ड. मागच्या सीटवर बांधलेल्या पिंजऱ्यात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो पर्याय बादच. छातीवरची बॅग सपाट रस्त्याला ठीक. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात मात्र वळताना हँडल पोटाशी येतं आणि बॅगेला अडतं. त्यात आपल्या अंगाची ऊब कुत्र्याला लागते ती वेगळीच. गॅसचा सिलिंडर जिथे ठेवतो तिथेच बसणारी बॅग सगळ्यात बरी. वजन खाली राहतं, गाडी डुलत नाही आणि कुत्रं डोळ्यासमोर असतं.

आमची बॅग ३४ × २६ × ३० सें.मी. आहे, तिन्ही बाजूंना जाळी. पाचेक किलोच्या पॉमला (पॉमेरेनियन) पुरते. सात किलोंच्या वर नको, कारण तेवढ्या मोठ्या बॅगेबरोबर पाय ठेवायला जागाच उरत नाही. घेण्याआधी आपल्या गाडीची सीट ते समोरचा पत्रा ही जागा टेपने मोजा, आणि बॅग ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का ते बघा.

बांधायला २५ मि.मी.चे दोन नायलॉन पट्टे आणि साधं दाबायचं बकल पुरतं. रॅचेट (दांडा ओढून आवळायचा पट्टा) वापरू नका, गाडीचं फायबर चेपतं. एक पट्टा फूटबोर्डच्या खालून घ्यावा लागतो आणि तोच आधी झिजतो: स्पीडब्रेकरला घासतो, चिखल खातो. निघण्यापूर्वी त्याच्या कडेवरून बोट फिरवा. धागे सुटलेले लागले तर बदला. सामान अडकवायच्या हुकावर भिस्त ठेवू नका. बॅगेखाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी टाकली की घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर बॅग पुढे सरकत नाही.

कंपनीचा तळ पुठ्ठ्याचा होता. पावसाळी दमटपणात मधोमध बसला. तिथे ६ मि.मी. प्लाय, त्यावर योगा मॅटचा तुकडा, वर जुन्या सुती साडीची घडी. योगा मॅट गादीपेक्षा महत्त्वाची. स्कूटर धावताना कमी आणि उभी असताना जास्त थरथरते, त्यामुळे साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर अडकलं की कुत्रं अस्वस्थ होतं. जास्त वेळ थांबायचं दिसलं तर इंजिन बंद करा.

आता बॅगेची चेन, म्हणजे झिप. या बॅगेतली सगळ्यात कच्ची गोष्ट हीच. कुत्रं कोपऱ्यात नाक खुपसतं, रनर एकेक दाता मागे सरकतो, आणि दोन बोटांची फट पडली की डोकं बाहेर. दोन्ही रनर किल्लीच्या कडीने एकमेकांना अडकवा. रस्त्याची धूळ दात्यांत बसली की चेन मागून उसवते. मेणबत्ती घासून थोडे दिवस निभतं, मग बॅगवाल्याकडून जाड चेन लावून घ्यायची. आतला पट्टा गळ्यातल्या पट्ट्याला नको, छातीच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत. लांबी एवढीच की कुत्र्याला उभं राहता, फिरता येईल, पण पुढचे पाय बॅगेबाहेर टेकणार नाहीत. लांब ठेवलात आणि त्याने उडी मारली तर ते चाकाशी लोंबकळेल.

सवय लावायला दोन आठवडे धरा. आधी घरात बॅगेतच जेवण, मग स्टँडवरच्या बंद स्कूटरवर, मग चालू इंजिनवर, मग गल्लीत एक फेरी. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, नाहीतर घाटात ओकारी ठरलेली. अर्ध्या-पाऊण तासाने थांबा, सावलीत पाणी द्या. थांब्याजवळ माकडं दिसली तर बॅग उघडू नका आणि बिस्किटाचा पुडा खिशातच राहू द्या. संध्याकाळी गावाच्या वेशीवर भटकी कुत्री मागे लागतात. त्या वेळी वेग वाढवण्यापेक्षा सरळ रेषेत, एकसारखं चालवा.

साताऱ्याहून ठोसेघर किंवा यवतेश्वर हे अंतर या बॅगेला झेपतं. वाई-पाचगणीसाठी महामार्ग लागतो; शेजारून ट्रक जाताना धूळ आणि धूर थेट कुत्र्याच्या नाकात, म्हणून आमचा कल नाहीच. कास पठारावर फुलांच्या दिवसांत कुत्रं नेऊ नका. तुडवायला माणसं कमी नाहीत.

उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत पोचायचं. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवत नसेल तर पंजेही टेकू देऊ नका. जीभ गडद लाल, लाळ चिकट, धाप थांबत नाही असं दिसलं तर सावलीत घेऊन पोट आणि जांघा साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि सरळ डॉक्टर गाठा. पावसाळ्यात रेनकव्हर पूर्ण ओढलं तर आत हवा कोंडते. मागची जाळी उघडी ठेवा. गवतात फिरवून आणलं की कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, काखेत गोचीड शोधा. रेबीजची लस चालू हवीच, पावसाळी फिरायचं असेल तर लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस).

पग किंवा शिह त्झू असेल तर मार्च ते मे बॅग माळ्यावरच ठेवा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, जाळी कितीही मोठी असो.