पिरानची निवांत सुट्टी आखून देणारी म्हापशातली एजन्सी

युरोप म्हटलं की बहुतेक ट्रॅव्हलवाले धावपळीचं पॅकेज गळ्यात मारतात. म्हापशातल्या या छोट्या एजन्सीने तसं केलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. आईचे गुडघे दुखतात, दगदग नको, समुद्र हवा, एवढंच मी सांगितलं. त्यांनी स्लोव्हेनियातलं पिरान सुचवलं. एड्रियाटिकच्या काठचं हे चिमुकलं गाव. गाडी बाहेर ठेवायची, बसने तार्तिनी चौकात यायचं. हा चौक म्हणजे १८९४ साली बुजवलेलं जुनं बंदर. व्हायोलिनवादक तार्तिनी इथलाच. जुलै-ऑगस्टची गर्दी टाळून सप्टेंबरात जा, हा सल्ला लाखमोलाचा. वाळूची किनारपट्टी नाही, दगडी धक्क्यावरून पाण्यात उतरायचं, हेही आधीच बजावलं.

पिरानजवळच्या सेचोव्ल्ये गावची मिठागरं त्यांनी आठवणीने सहलीत घातली. आम्ही गोव्यातल्या मिठागरांच्या आगरवाड्याचे! मीठ ओढायचं लाकडी अवजार दिसताच आई तिथून हलेना. वाफ्याच्या तळाशी सूक्ष्मजीवांचा पातळ थर जपतात, त्यामुळे मिठात चिखल मिसळत नाही, ते पांढरंशुभ्र निघतं. आईने हात लावून बघितलंच.

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाच्या, कागदांची यादी मात्र फार उशिरा हाती आली, जीव टांगणीला लागला होता. ती पहिल्याच भेटीत मागून घ्या.