ग्रोव्हर्स मिलपासून दहा मिनिटांवर बसून मंगळवाले ऐकले

शनिवारी आमच्या इथल्या, न्यू जर्सीतल्या, एका हौशी नाटक ग्रुपचा प्रयोग ऐकायला गेलो होतो. ऐकायलाच म्हणतेय, कारण स्टेजवर पाच-सहा माइक, हातात कागद घेतलेली माणसं आणि डावीकडे सामानाने भरलेलं एक लांब टेबल, बस, सेट नाही काही नाही. आकाशवाणीवर श्रुतिका लागायच्या ना, तेच, फक्त समोर बसून. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना भराभर बोललेलं इंग्लिश कळत नाही म्हणून न्यावं की नको असं चाललं होतं पण त्याच म्हणाल्या "चल गं, आवाज तर कळतील". आणि खरंच कळले, त्याबद्दल पुढे सांगते.

दोन नाटकं होती. पहिलं अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीच्या 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' या कथेवरचं, साधारण पंचवीस मिनिटांचं. ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी, अणुस्फोटात सगळं शहर गेलंय, एकच घर उभं आहे आणि ते यंत्रांवर चालणारं घर रोजच्यासारखं उठवतंय, नाश्ता बनवतंय, आज कुठलं बिल भरायचं ते सांगतंय, ऐकायला कोणीच नाही. कथा १९५० ची, पुस्तकात ती ऑगस्ट २०२६ मध्ये घडते. मे महिन्यात छापून आली आणि जूनमध्ये लगेच एनबीसी रेडिओच्या 'डायमेन्शन एक्स' या कार्यक्रमात रेडिओ नाटक म्हणून आली सुद्धा, त्यामुळे वाटतं की रेडिओसाठी ही सोपी असणार, घरच बोलतंय की! पण तसं नाहीये. कथेतली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे भिंतीवरच्या सावल्या. जळून काळ्या पडलेल्या भिंतीवर गवत कापणारा बाप, फुलं तोडायला वाकलेली आई, चेंडू वर फेकलेला मुलगा आणि तो झेलायला हात वर केलेली मुलगी, यांच्या तेवढ्या आकृती उरल्यात. हे डोळ्यांनी बघायचं आहे, कानाला कसं देणार?

मला वाटलेलं निवेदक येऊन वर्णन वाचून दाखवणार. नाही. त्यांनी काय केलं, गवत कापायचं मशीन सुरू झालं, मुलं हसतायत, चेंडू एकदा झेलल्याचा थप्प आवाज, दुसऱ्यांदा थप्प, तिसऱ्यांदा मुलगा ओरडतो, चेंडू वर गेला हे आपल्याला कळतं, आणि तो खाली पडल्याचा आवाज येतच नाही. मशीनही बंद, सगळंच बंद. मग फक्त घराचं पाणी शिंपडणारं यंत्र भिंतीवर पाणी मारत राहतं. माझ्या अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय. रूपांतर म्हणतात ते हे, लेखकाचं वाक्य उचलून माइकसमोर वाचलं की झालं असं नसतं.

घराचा आवाज करणारी बाई पण जबरदस्त. सारा टीझडेल या कवयित्रीची कविता घर वाचून दाखवतं त्या जागी रडका सूर लावायचा मोह कुणालाही झाला असता, पण तिने नाश्त्याची वेळ सांगितली त्याच सुरात कविता वाचली.

मध्ये पंधरा मिनिटं ब्रेक, मग मुख्य नाटक, मंगळावरून आलेले पृथ्वीवर हल्ला करतात ते 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे ३० ऑक्टोबर १९३८ ला रविवारी रात्री आठ वाजता सीबीएस रेडिओवरून ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटर या नाटक कंपनीने जे सादर केलं ते, हॉवर्ड कॉखच्या स्क्रिप्टवर. आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो आणि त्या स्क्रिप्टमध्ये मंगळवाले जिथे उतरतात ते ग्रोव्हर्स मिल आमच्यापासून गाडीने दहा मिनिटं, तिथल्या बागेत १९८८ साली पन्नास वर्षं झाली म्हणून स्मारकही उभारलंय. कॉखने स्वतः सांगितलंय की त्याने नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि हे गाव निघालं. प्रयोगात मिडलसेक्स आणि मर्सर काउंटीत मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागू झाल्याची घोषणा झाली तेव्हा सगळ्या हॉलमध्ये खुसफुस झाली, कारण बसलेले सगळे तिथलेच.

मूळ कादंबरी एच. जी. वेल्सची, १८९८ ची, घडते इंग्लंडमध्ये, वोकिंगजवळ. आणि ती एक माणूस नंतर बसून सांगतोय, मी हे पाहिलं, मी तिथून पळालो. म्हणजे तो वाचला हे पहिल्या पानापासून माहीत आहे. कॉखने नुसतं गाव बदललं नाही, काळ बदलला. भूतकाळ काढून टाकून सगळं आत्ता, या क्षणाला घडतंय असं बातम्यांमधून सांगितलं. हॉटेलातून डान्स म्युझिक चालू आहे, मध्येच बातमी, परत म्युझिक, परत बातमी. हे म्युझिक सुरुवातीला इतका वेळ चालतं की माझा मुलगा दोनदा घड्याळ बघायला लागला, पण ते तसंच हवं, आणि या ग्रुपने ते कापलं नाही याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तो कंटाळा आल्याशिवाय पुढची भीती येतच नाही.

मग वार्ताहर कार्ल फिलिप्स शेतातून बोलतोय. १९३८ मध्ये ज्या नटाने हे काम केलं, फ्रँक रेडिक, त्याने हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळताना रडत रडत बोलणाऱ्या वार्ताहराचं रेकॉर्डिंग परत परत ऐकून तयारी केली होती. इथला फिलिप्स पोरगेलासा होता पण त्याने ते केलंय, शेवटी शेवटी वाक्यं पूर्ण होत नाहीत, श्वास लागतो, आग आपल्याकडे येतेय म्हणतो आणि मध्येच आवाज तुटतो. शांतता. मूळ प्रक्षेपणात ती सहा सेकंदांच्या आसपास आहे, इथे थोडी जास्तच होती. त्या शांततेत सासूबाईंनी माझा हात धरून हळूच विचारलं "मेला का गं तो?". त्यांना वाक्यं कळली नव्हती, कळलं होतं ते सगळं माणसाच्या श्वासातून आणि मग काहीच ऐकू न येण्यातून. याच्याहून मोठी पावती काय देऊ मी.

आता टेबलाबद्दल. लाइव्ह ऐकण्याचं अर्धं सुख तिथे आहे. मंगळवाले ज्यातून येतात त्या लोखंडी सिलिंडरचं झाकण उघडतं तो आवाज म्हणजे काचेच्या बरणीचं झाकण, माइकच्या अगदी जवळ हळूहळू फिरवायचं (मूळ प्रयोगात घुमण्यासाठी हे टॉयलेटमध्ये जाऊन केलं होतं असं सांगतात). गडगडाटाला पातळ पत्रा, हाडं मोडायला सेलरीच्या कांड्या. बघितल्यावर मजा जाईल असं वाटलेलं पण उलटंच झालं, हात बरणीवर दिसतोय आणि तरी मन म्हणतंय आतून काहीतरी बाहेर येतंय.

तक्रार आहे एक, आणि मोठी आहे. मागे पडद्यावर मंगळाचे फोटो आणि तीन पायांच्या यंत्रांची चित्रं दाखवत होते. कशाला??? तासभर मेहनत करून माझ्या डोक्यात यंत्र उभं केलं आणि मग तुमचं चित्र माझ्यापुढे ठेवलं, माझं पुसलं गेलं ना. पुढच्या वेळी तो पडदा बंद ठेवा, ही हात जोडून विनंती.

दुसरं, शेवटचा भाग. एकटा रेडिओ ऑपरेटर कुणी आहे का, कुणी आहे का विचारतो तिथे मूळ प्रक्षेपणाचा पहिला भाग संपतो, साधारण चाळीस मिनिटांवर, आणि पुढे नाटकातला खगोलशास्त्रज्ञ प्रोफेसर पिअर्सन एकटा बोलत राहतो. तिथे परत कादंबरी सुरू होते, परत भूतकाळ. ग्रुपने हे बरंच कापलंय, बरं केलं. नेवार्कमध्ये भेटणाऱ्या त्या अनोळखी माणसाचा सीन ठेवलाय, तोही चांगला निर्णय.

सुरुवातीला निवेदिकेने सांगितलं की त्या रात्री अख्खी अमेरिका रस्त्यावर आली होती. हे सांगायला नको होतं. त्याच रात्री कोण काय ऐकतंय ते मोजणाऱ्या हूपर कंपनीने फोनवर ५००० घरांत विचारलेलं, जेमतेम २ टक्के लोक हे नाटक ऐकत होते. घाबरलेली माणसं होती, पण देशभर हाहाकार हा बराचसा पेपरवाल्यांचा.

घरी येताना एकच विषय, आपल्याकडे असं काय करता येईल. मला तर नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'च दिसते, सॉरी, ऐकू येते. पानिपत मराठ्यांनी जिंकलं अशा जगात एक इतिहासाचे प्रोफेसर जाऊन पोचतात. कथेत डेक्कन क्वीनपेक्षा फास्ट जिजामाता एक्सप्रेस आहे. निवेदक नको, स्टेशनवरची घोषणाच ऐकवा, गाडीचं नाव वेगळं, सरहद्दीवर परमिट तपासायला आलेल्या माणसाचं इंग्लिश वेगळं, ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल की जग बदललंय. आणि आझाद मैदानावरची सभा तर माइकसाठीच लिहिलीय असं वाटतं. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणाला करायचं असेल तर मी टेबलावर पत्रा हलवायला तयार आहे.

तिकीट १५ डॉलर, पार्किंग फुकट. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, पहिल्या नाटकात शेवटी घर जळतं तो भाग त्यांना झोपू देणार नाही. अजून दोन शनिवार प्रयोग आहेत. आम्ही उजवीकडे बसलो होतो, तिथून निम्मं टेबल नटांच्या मागे जातं, तुम्ही डावीकडच्या पहिल्या दोन रांगा धरा.