जर्मनी की अमेरिका? पगाराच्या पलीकडचा हिशेब

हिंजवडी-चाकणकडच्या बऱ्याच घरांत हा प्रश्न आहे. पुण्यात जर्मन कंपन्या भरपूर, त्यामुळे स्टुटगार्ट-म्युनिकची संधी कामातूनच समोर येते. आणि अर्धे वर्गमित्र न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात आधीच स्थिरावलेले असतात. पुढचं सगळं लिहिताना तिशीतलं, दोघंही नोकरी करणारं, मूल असलेलं किंवा होऊ घातलेलं जोडपं माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकट्यानं जाणाऱ्याचा हिशेब वेगळा.

पगारात अमेरिका पुढे आहे, त्यात वाद नाही. सॉफ्टवेअरमध्ये तर फरक फारच मोठा. जर्मनीत एकट्या माणसाच्या सर्वसाधारण पगारातून कर आणि विम्याचे हप्ते मिळून ३५ ते ४० टक्के हातात येण्याआधीच कापले जातात. दहा वर्षांत पैसा साठवून पुण्यात परतायचं ठरलेलं असेल, तर अमेरिकेचंच पारडं जड. पण त्या कापलेल्या पैशातून काय मिळतं, ते पाहिल्याशिवाय दोन पगारपत्रकं शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आधी आजारपण. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विम्याचा हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, वर विमा संस्थेचा थोडा जादा आकार. निम्मा भार मालक उचलतो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार कायद्यानंच मिळतो, त्यानंतर विमा संस्था ठरावीक भाग देते. अमेरिकेत विमा बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतो. हप्ता भरूनही वर्षातली पहिली काही रक्कम स्वतःच्या खिशातून जाते, आणि डॉक्टर विम्याच्या यादीत आहे की नाही हे आधी तपासावं लागतं. नोकरी गेली तर तोच विमा काही काळ चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरून. म्हणजे पगार थांबतो नेमका तेव्हाच खर्च वाढतो. जर्मनीतही सगळं गोड नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे, कधी महिने जातात. तरी बिलाच्या भीतीनं कुणी दवाखाना टाळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाळंतपणात हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. जर्मनीत प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे नोकरदार आईला पूर्ण पगारी रजा. पुढे आई-वडिलांनी रजा वाटून घेतली तर एकूण १४ महिने निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के भत्ता, महिन्याला कमाल १,८०० युरोपर्यंत. नोकरी मात्र तीन वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. हेबामे, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासते. तो खर्च विम्यातून होतो. मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळताच शोध सुरू करावा. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्यानं १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारखी काही राज्यं आणि मोठ्या कंपन्या पगारी रजा देतात; बाकी नशिबावर.

एका बाबतीत मात्र अमेरिका आपल्या घरांना सोयीची पडते. आई किंवा सासूबाई बाळंतपणाला येतात तेव्हा त्यांना एका खेपेस साधारण सहा महिने राहू देतात, आणि व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो. जर्मनीत शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक पर्यटक व्हिसा) १८० दिवसांत फक्त ९० दिवस.

आता व्हिसा. माझ्या मते निर्णय इथेच व्हावा. एच-१बी म्हणजे अमेरिकेचा कुशल नोकरदारांसाठीचा व्हिसा; त्याच्या वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा, त्याही सोडतीनं. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. जोडीदाराला कामाची परवानगी हवी तर साधारणपणे आधी आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी (कायम वास्तव्याचा परवाना) मालकानं करायचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग इतकी लांबली आहे, की मुलं २१ वर्षांची होऊन आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. घर घेतलेलं, मुलं शाळेत, आणि तरीही पाय रोवल्याची खात्री नाही, अशी कितीतरी मराठी कुटुंबं आहेत.

जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, गेलात तर जोडीदार पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकतो. २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीची असेल तर २१ महिन्यांतच. २०२४ पासून नागरिकत्वही पाच वर्षांनी मागता येतं. भारतीय पासपोर्ट मात्र सोडावा लागतो.

याची किंमत म्हणजे भाषा. कंपनीत इंग्रजीवर निभावतं, पण घरमालकाचं पत्र, पालकसभा, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळं जर्मनमध्ये. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून आठ-नऊ वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. तीन वर्षांचं मूल बालवाडीत भाषा सहज उचलतं. उलट अमेरिकेत भाषेचा अडसर नाही, मराठी शाळा आहेत, तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभं आहे. एकटेपणा तिथे नक्कीच कमी.

रविवारी बंद दुकानं, उशिरा धावणाऱ्या जर्मन गाड्या, गाडीशिवाय पान न हलणारी अमेरिकन उपनगरं, यांची सवय होते.

लहान मूल असेल आणि दोघांनाही काम करायचं असेल, तर मी जर्मनी सुचवेन. फक्त ऑफर येण्याची वाट न बघता दोघांनीही पुण्यातच मॅक्सम्युलर भवनात किंवा चांगल्या क्लासला जर्मन सुरू करावी. जोडीदारानं तर आधी, कारण तिथल्या नोकरीच्या बाजारात त्याला किंवा तिला नव्यानं उभं राहायचं असतं.