एफ-१ की जे-१? फीच्या आधी पैसा कुणाचा ते बघा

माझ्या भाचीने रत्नागिरीत मत्स्यशास्त्राची पदवी घेतली. पुढे तिच्या हातात अमेरिकेची दोन पत्रं आली. एक स्वखर्चाने एम.एस. करण्याचं, म्हणजे एफ-१ व्हिसा. दुसरं एका प्राध्यापकांकडे सहा महिने संशोधनाचं, विद्यावेतनासह, म्हणजे जे-१. घरात पहिला प्रश्न निघाला तो "स्वस्त कुठला?" मी तिची मावशी, कागद गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा जे कळलं ते कोकणातल्या दुसऱ्या घरांना उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

फीचं उत्तर सोपं आहे. व्हिसा अर्जाची फी दोन्हींना सारखीच, १८५ डॉलर. सेविस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची फी, एफ-१ला ३५० आणि जे-१ला बहुतेक वर्गांत २२०. म्हणजे एकीकडे ५३५, दुसरीकडे ४०५. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसारख्या कार्यक्रमांना या दोन्ही फी माफ असतात. अमेरिकेच्या २०२५च्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या फीची तरतूद आहे. ती वसूल होईल तेव्हा दोन्हींकडून सारखीच होईल, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळत नाहीत. मात्र त्याच वर्गात १२ महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केला तर सेविस फी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. पावती म्हणूनच जपून ठेवा.

फरक १३० डॉलरचा. तेवढ्यासाठी निर्णय फिरवू नका. शिवाय विद्यार्थी म्हणून जे-१ हवा असेल तर खर्चाचा मोठा वाटा विद्यापीठ, सरकार किंवा एखाद्या संस्थेने उचललेला असावा लागतो, नाहीतर दोन विद्यापीठांत देवाणघेवाणीचा लेखी करार असावा लागतो. वडिलांच्या खात्यावर शिकायला जाणाऱ्याला जे-१ निवडताच येत नाही. आमच्याकडे एका एजंटाने "जे-१ करून टाकू, स्वस्त पडेल" असं छातीठोक सांगितलं होतं. त्यावर आमचे दोन आठवडे फुकट गेले.

पैशाच्या कागदांवर आपल्याकडची घरं खरी अडतात. एफ-१साठी विद्यापीठ आय-२० हा प्रवेशाचा कागद देतं, ते पहिल्या वर्षाचा खर्च कसा भागणार हे पाहूनच. बागायतदाराचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, म्हणून अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. सातबारावर बारा-पंधरा नावं, निम्मे चुलते मुंबईला. आंब्याची एवढी कलमं आहेत हे खरं, पण बाग म्हणजे हातातला पैसा नव्हे, आणि बँकाही शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात. त्यात आंब्याचा पैसा मे-जूनमध्ये येतो आणि फवारण्या, खतं, मजुरी यात जातो. फेब्रुवारीत खातं रिकामं आणि जूनमध्ये एकदम मोठी रक्कम, असं स्टेटमेंट पाहिल्यावर प्रश्न विचारले जाणारच. म्हणून वाशीच्या दलालांकडच्या विक्रीच्या पट्ट्या आणि कॅनिंगवाल्यांच्या पावत्या जपा. रिटर्न भरा आणि त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवा. हे दोन वर्षं आधी सुरू केलं तर उत्तमच. कर्ज घेणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र सगळ्यात वजनदार ठरतं.

जे-१मध्ये हा भार हलका होतो. आय-२०च्या जागी इथे डीएस-२०१९ असतो, त्या कागदावरच कोण किती रक्कम देणार ते छापलेलं असतं. विद्यावेतन पुरेसं असेल तर घरच्यांनी फक्त उरलेला भाग दाखवायचा.

पण जे-१च्या अटी वेगळ्या आहेत. आरोग्यविमा नियमानेच सक्तीचा: प्रत्येक आजार वा अपघाताला किमान १ लाख डॉलर, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५ हजार. शेवटचा आकडा वाचताना माझ्या बहिणीचे डोळे भरून आले, पण तो वाचायलाच हवा. शिवाय काही जणांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पुरी होईपर्यंत नोकरीसाठीचा एच किंवा एल व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. सरकारी पैसा घेतला असेल किंवा डॉक्टर तिथे निवासी प्रशिक्षणाला गेला असेल तर ती लागतेच. विशिष्ट कौशल्यांच्या यादीमुळेही लागायची, पण डिसेंबर २०२४मध्ये भारताचं नाव त्या यादीतून निघालं. जुनी माहिती सांगणारे अजून भेटतात, त्यांच्यामुळे घाबरू नका.

कामाचं थोडक्यात: एफ-१वर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४ महिने. जोडीदाराला मात्र काम करता येत नाही. जे-१च्या जोडीदाराला परवाना काढून करता येतं. जे-१मधल्या शॉर्ट टर्म स्कॉलर, म्हणजे थोड्या काळासाठी जाणाऱ्या संशोधकाच्या वर्गाची मुदत सहा महिने, पुढे एक दिवसही वाढत नाही.

मुंबईची फेरी दोघांनाही सारखीच. डीएस-१६० अर्ज, बोटांचे ठसे आणि फोटो एका केंद्रात, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. जून २०२५पासून समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. मुलाखत जुलैत असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, आणि एखादी दरड आली की सगळंच बसतं. कोकणकन्येने पहाटे उतरून थेट रांगेत उभं राहण्याचा बेत करू नका.

भाचीने जे-१ घेतला आणि एम.एस.चा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मागितला, तो मिळाला. पुढच्या वर्षी नवीन आय-२० येईल, तेव्हा सेविस आणि व्हिसा अर्जाची फी पुन्हा पूर्ण भरायची आहे. म्हणजे दोन्ही व्हिसांचे मिळून ९४० डॉलर. ताईने यंदाच्या आंब्याच्या पैशातून ते ५३५ डॉलर आताच वेगळे काढून ठेवले आहेत.