न खणता केलेली भाजीबाग: वर्षभर वापरल्यावर

गुडघाभर तण माजलेल्या तुकड्यावर पुठ्ठा अंथरून, वर कंपोस्ट आणि पालापाचोळा टाकून भाजीबाग केली, त्याला आता वर्ष होत आलं. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. खरं काय ते पुठ्ठा कुजायला लागल्यावरच कळतं.

पद्धत चालते, हे आधीच सांगून टाकते. पण ‘बिनकष्टाची बाग’ म्हणून तिची जी जाहिरात होते ती काही पटत नाही. कुदळ सुटते, घमेलं सुटत नाही. 10 चौरस मीटरवर 10 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सरळ 1 घनमीटर कंपोस्ट लागतं, आणि एवढं वाहून आणेपर्यंत कंबर बोलायला लागते. पालापाचोळ्याचंही तेच. आज ढीगभर दिसतो, महिन्याभरात बसून निम्मा होतो.

मांडणीत अवघड काही नाही. तण उपटायचं नाही, जमिनीलगत कापून तिथंच पाडायचं. बी धरलेलं असेल तेवढं बाहेर काढायचं. त्यावर साधा तपकिरी पुठ्ठा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा नको. दोन पुठ्ठे एकमेकांवर चांगले वीतभर चढले पाहिजेत, कारण तण फट बरोबर शोधतं. पुठ्ठा चिंब भिजवूनच पुढचा थर द्यायचा. कोरडा राहिला तर तो पाणी अडवून धरतो आणि खालची माती ठणठणीत कोरडी.

साध्या हंगामी तणाचा प्रश्न खरोखरच मिटला. अशा बऱ्याच तणांच्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. आपण खणतो तेव्हा खाली गाडलेलं बी स्वतःच्या हाताने वर आणून देतो. इथे ते खालीच राहतं. वाऱ्याने येऊन वर रुजलेलं चिमटीत धरलं की मुळासकट येतं, खुरपं लागत नाही.

हरळीचं गणित वेगळं. मध्यभागी ती दबली, पण कडेने आत शिरत राहिली. एकदा पुठ्ठ्याची कड उचलून पाहिली. खाली पांढरट पिवळे, उजेड न पाहिलेले धुमारे ओल्या पुठ्ठ्याला चिकटून सरळ रेषेत आत चालले होते, पेरा-पेराला मूळ सोडत. ओढल्यावर हातभर दोरी निघाली. तेव्हापासून वाफ्याभोवती एक पट्टा कायम मोकळा ठेवून तो साफ करत राहते. हे काम सुटत नाही.

आणि लव्हाळा! त्याला पुठ्ठा म्हणजे काहीच नाही. सुईसारखं टोक पुठ्ठा भेदून, वरचं वाळकं पान भोसकून ते पान अंगावर घेऊनच वर आला होता. त्याच्या जमिनीतल्या गाठी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. खणलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठीही फुटतात. त्यामुळे न खणण्याचा फायदा इथेही आहेच, पण नुसत्या आच्छादनाने तो मरत नाही. दिसला की काढायचा. दोन-तीन आठवडे दुर्लक्ष झालं तर नव्या गाठी धरतो.

पिकांचं म्हणाल तर टोमॅटो, वांगी, मिरची अशी रोपं लावायची पिकं पहिल्याच हंगामात जोरात आली. भोपळ्याचा वेल तर अशा जागेसाठीच जन्मलाय, त्याची पानं तणावर दुसरं पांघरूण घालतात. गाजराने मात्र निराश केलं. मूळ न कुजलेल्या पुठ्ठ्याला अडलं की त्याला फाटे फुटतात. बारीक बी पेरताना पालापाचोळा बाजूला सारून ओळ उघडी करावी लागते.

पाणी निश्चित कमी लागतं, पण वरवरचा शिडकावा आच्छादनातच मुरतो. बोट खुपसून ओल बघायची, मगच ठरवायचं. खोडाभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी हवी, नाहीतर बुंधा सडतो. ताजं कापलेलं गवत जाड टाकलं की चिकट, गरम लगदा होतो. पातळ थर, तोही सुकवून. लाकडाचा भुसा वर पसरला तर चालतो, मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. ओल्या आच्छादनात गोगलगायी लपतात, म्हणून कोवळ्या रोपांजवळ मी थर पातळच ठेवते. जिथे वाळवी आहे तिथे पुठ्ठा म्हणजे तिला आयतं जेवण, हेही धरून चला.

ज्याबद्दल फार कमी बोललं जातं ती गोष्ट म्हणजे बाहेरून आणलेलं शेणखत आणि पेंढा. अमिनोपायरॅलिडसारखं तणनाशक गवतावरून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात जसंच्या तसं उतरतं. अशा खतात टोमॅटो आणि घेवड्याची पानं मुरडून चमच्यासारखी होतात. म्हणून खत पसरण्याआधी कुंडीभर खतात घेवड्याचे चार दाणे टोचून बघते. बीजदलांनंतर येणारी खरी पानं सरळ उलगडली तरच ते खत वाफ्यात जातं.

पुठ्ठा आता सापडतही नाही, आणि मधल्या वाफ्यांवर पुन्हा घालायची गरज दिसत नाही. तिथे वर्षातून एकदा दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट आणि वर पालापाचोळा एवढंच करणार आहे. लव्हाळ्याचा कोपरा मात्र पुढच्या हंगामात पिकाविना ठेवून फक्त काढत राहणार.